हळदीचा अर्क : निर्मिती, मोजमाप आणि त्वचाप्रसाधनांतील उपयोग

‘हळदीचा अर्क’ ह्या एका नावाखाली त्वचाप्रसाधनांच्या कारखान्यांत आज किमान पाच निरनिराळे पदार्थ येऊन पडतात. पहिला म्हणजे ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल व पाणी ह्यांच्या मिश्रणात हळद भिजवून गाळून घेतलेला फिकट पिवळा द्रव. दुसरा, वाफेच्या साहाय्याने उतरविलेले बाष्पनशील तेल. तिसरा, काकवीसारखे घट्ट, काळपट नारिंगी रंगाचे ओलिओरेझीन, म्हणजे तेल व राळ ह्यांचे एकजीव मिश्रण. चौथा, कुरकुमीन व त्याची भावंडे ह्यांची शेकडा ९५ शुद्धतेची केशरी-पिवळी भुकटी. आणि पाचवा, त्याच भुकटीवर हायड्रोजनाची प्रक्रिया करून मिळविलेली पांढरी पूड, जिच्यात हळदीचा रंगही उरलेला नसतो. ह्या पाचांचे घटक भिन्न, गुणधर्म भिन्न आणि किमती तर फारच भिन्न. डबीवरच्या चित्रात मात्र पाचांसाठी तेच एक हळकुंड असते.

अर्क हा वनस्पतीत आधीच दडलेला असतो आणि कारखान्याने तो केवळ बाहेर काढावयाचा असतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती पुरती खरी नाही. कोणता द्रव वापरला, किती उष्णता दिली, काय ठेवले व काय टाकून दिले, ह्या निर्णयांच्या मालिकेतून अर्क घडत जातो. सध्या अशा प्रसाधनांचे पेवच फुटले असल्यामुळे ही मालिका एकदा क्रमाने तपासून पाहणे उपयुक्त ठरेल. कारण हळद पिकविणारा शेतकरी आणि ती तोंडाला लावणारा ग्राहक ह्या दोघांचाही व्यवहार शेवटी तिच्यावरच अवलंबून आहे.

हळद ही आल्याच्या कुळातील वनस्पती. तिचा उपयोगी भाग म्हणजे जमिनीखालील खोड. वनस्पतिशास्त्रात त्याला मूलक्षोड म्हणतात. (पुष्कळ डब्यांवर ‘हळदीच्या मुळांचा अर्क’ असे छापलेले असते, ते शास्त्रदृष्ट्या चूक आहे, मूळ आणि खोड ह्यांतील हा भेद शाळकरी विद्यार्थ्यासही ठाऊक असतो.) महाराष्ट्रात सांगली आणि हिंगोली हे ह्या पिकाच्या व्यापाराचे मोठे जिल्हे होत. वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीस २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये आणि वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. साधारण आठ-नऊ महिन्यांनी पीक काढले की गड्डे शिजवितात, वाळवितात आणि पिंपात फिरवून घासून चकचकीत करतात. शिजविल्याने स्टार्च फुगून एकजीव होतो, रंग आतपर्यंत सारखा पसरतो, कोंब मरतात आणि वाळण्यास वेळ कमी लागतो. शंभर किलोग्रॅम ओल्या हळदीपासून सुमारे वीस किलोग्रॅम वाळलेली हळकुंडे मिळतात.

स्वयंपाकाच्या हळदीसाठी ही रीत उत्तम आहे. अर्कासाठी ती तितकीशी सोयीची नाही, कारण फार वेळ शिजविल्यास रंगद्रव्याचा काही अंश नष्ट होतो. म्हणून काही कारखाने न शिजविता काप करून वाळविलेली हळद पसंत करतात. बाजारपेठेत सौद्याच्या वेळी हळकुंडाची लांबी, टणकपणा, बाहेरील झळाळी आणि मोडताना होणारा खणखणीत आवाज ह्यांवरून भाव ठरतो. कारखान्याच्या दृष्टीने मात्र ह्यांतील एकही गुण महत्त्वाचा नाही. त्यास फक्त एक आकडा हवा असतो : शंभर भाग वाळलेल्या हळदीत कुरकुमीन-वर्गीय द्रव्ये किती? जात, जमीन व हवामान ह्यांप्रमाणे हा आकडा बहुधा २ ते ५ ह्या मर्यादेत असतो. बाष्पनशील तेल शेकडा ३ ते ५ च्या आसपास, आणि उरलेल्यातील फार मोठा वाटा स्टार्चाचा. एक टन हळकुंडांत हे प्रमाण शेकडा साडेतीन आहे असे समजू. त्यातील एकही कण वाया गेला नाही असे धरले, तरी ३५ किलोग्रॅम द्रव्य मिळेल. आणि त्या एका टनामागे शेतातून पाच टन ओली हळद खणून काढावी लागलेली असते.

कुरकुमीन प्रथम वेगळे केले ते फोगेल व पेल्तिये ह्यांनी, १८१५ मध्ये. त्याची रेणुरचना निश्चित होण्यास मात्र १९१० साल उजाडावे लागले. ते काम मिलोबेंड्झ्का, कोस्तानेत्स्की व लांपे ह्या पोलिश रसायनशास्त्रज्ञांचे. दोन्ही टोकांस फिनॉलयुक्त वलये आणि त्यांना जोडणारी सात कार्बन-अणूंची साखळी असा हा रेणू आहे. साखळीतील एकाआड एक द्विबंधांमुळे तो निळा-जांभळा प्रकाश शोषून घेतो व आपणांस पिवळा दिसतो. हळदीत त्याच्या जोडीला दोन जवळची भावंडे असतात. वलयांवरील मेथॉक्सी गट एकात एकाने कमी असतो व दुसऱ्यात दोन्ही नसतात. तिघांत मुख्य कुरकुमिनाचा वाटा सामान्यतः तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतो. भावंडांची ही उपस्थिती पुढे एका निराळ्याच कारणासाठी महत्त्वाची ठरणार आहे.

आता द्रावकाकडे, म्हणजे विरघळविणाऱ्या द्रवाकडे वळू. संपूर्ण प्रक्रियेतील हा सर्वांत निर्णायक टप्पा होय. कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पेल्याभर पाण्यात हळद ढवळली तर पाणी पिवळे दिसते खरे, परंतु तो रंग बहुतांशी तरंगणाऱ्या कणांचा असतो. पेला स्थिर ठेवला की गाळ तळाशी बसतो. हेक्झेनमध्ये हळदीतील तेल व स्निग्धांश उतरतात, कुरकुमीन मागेच राहते. अल्कोहॉल, ॲसिटोन व एथिल ॲसिटेट ह्यांत कुरकुमीन, तेल आणि राळ ही तिन्ही येतात. कर्बद्विवायू ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे त्र्याहत्तर पटींहून अधिक दाबाखाली ठेवला, तर तो धड वायूही राहत नाही व धड द्रवही होत नाही. ह्या अवस्थेत तो हळदीचे सुगंधी तेल उत्तम प्रकारे ओढून घेतो, परंतु अल्कोहॉलाची जोड दिल्याखेरीज कुरकुमीन मात्र फारच थोडे उचलतो. ‘कोणताही रासायनिक द्रावक न वापरता काढलेला शुद्ध अर्क’ अशी जाहिरात वाचली म्हणजे ही गोष्ट ध्यानात घ्यावी. असा अर्क शुद्ध असेल, पण त्यात हळदीचा पिवळेपणा बेताचाच असेल.

आपल्या घरगुती उटण्यात हळद साय, दूध किंवा तेल ह्यांत कालविण्याची रीत आहे. कुरकुमीन स्निग्ध पदार्थात पाण्यापेक्षा बरेच अधिक विरघळते आणि दुधातील केसीन ह्या प्रथिनाशी ते बांधलेही जाते. ही रीत कोणी, केव्हा व काय हेतूने सुरू केली असेल ते असो. द्रावकाची निवड म्हणून ती वाईट नाही.

कारखान्यातील क्रम साधारणपणे असा असतो. हळकुंडे भरड दळतात. पीठ फार बारीक झाले, तर द्रावकाला त्यातून वाट मिळत नाही किंवा एखादीच वाट पडून बाकीचा थर कोरडा राहतो. फार जाड राहिले, तर आतला रंग बाहेर येत नाही. गिरणीवरील कामगाराचा हात आणि नजर येथे रसायनशास्त्रज्ञाइतकीच कामास येते. ही भरड पोलादी पात्रांत भरून तिच्यावरून द्रावक सोडतात. अनेक पात्रे ओळीने जोडलेली असतात. ताजा द्रावक जवळजवळ निःसत्त्व झालेल्या हळदीवर प्रथम जातो आणि तेथून पुढे सरकत शेवटी ताज्या हळदीवर येतो. त्यामुळे थोड्या द्रावकात अधिक रंग उतरतो. नंतर कमी दाबाखाली द्रावक उडवून, थंड करून परत मिळवितात. ॲसिटोन ५६ अंशांवर आणि एथिल ॲसिटेट ७७ अंशांवर उकळते. दाब कमी केला म्हणजे ह्याहूनही कमी उष्णतेत काम भागते व तेलातील सुगंधी भाग बिघडत नाही. हे द्रव अत्यंत ज्वालाग्राही असल्यामुळे विजेची प्रत्येक कळ ठिणगीरोधक असावी लागते. उरलेला चोथा मुख्यतः स्टार्चाचा असतो. त्यातील द्रावक वाफेने पूर्ण हाकलल्याखेरीज त्यास कारखान्याबाहेर जाऊ देणे धोक्याचे.

द्रावक उडाल्यावर पात्रात राहते ते ओलिओरेझीन. त्यात कुरकुमीन-वर्गीय द्रव्ये शेकडा ३० ते ४० असू शकतात. ते योग्य द्रावकात घेऊन थंड करीत सावकाश ढवळले, की रंगद्रव्याचे स्फटिक पडू लागतात. घाई केल्यास बारीक, तेलकट स्फटिक मिळतात आणि गाळणीच बुजते. गाळलेले स्फटिक हेक्झेनने किंवा थंड आयसोप्रोपिल अल्कोहॉलाने धुतात, निर्वातात वाळवितात आणि दळतात. ही झाली शेकडा ९५ शुद्धतेची भुकटी. गाळून उरलेल्या तेलात हळदीचे खरे गंधद्रव्य, टर्मेरोन नावाची संयुगे, एकवटलेली असतात. म्हणजे भुकटीत रंग आहे पण वास नाही, आणि तेलात वास आहे पण रंग नाही. ज्या पदार्थास आपण हळद म्हणून ओळखतो, तो ह्या दोहोंत विभागला गेला. ह्यांतील ‘हळदीचा अर्क’ कोणता, हा प्रश्न रसायनशास्त्र सोडवू शकत नाही. तो व्यवहाराने सोडवावयाचा आहे.

भुकटीत द्रावकाचा अंश किती राहू द्यावा, ह्याचे दंडक आहेत. खाद्यरंग म्हणून वापरावयाच्या कुरकुमिनासाठी अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना ह्यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने रंगद्रव्य शेकडा ९० हून कमी नसावे आणि ॲसिटोन किलोग्रॅममागे ३० मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे ठरविले आहे. सावध प्रसाधन-उत्पादक हाच दंडक आपणांसही लावून घेतात.

भुकटी क्रीममध्ये मिसळली की खऱ्या अडचणींना प्रारंभ होतो. त्या समजून घेण्यास प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. हळदीचा डाग पडलेले पांढरे वस्त्र पुरे आहे. त्या डागास साबण लावताच तो लालभडक होतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले असते. तेच वस्त्र धुऊन उन्हात टाकले की डाग हळूहळू विरून जातो, हेही तिला ठाऊक असते. पहिली घटना अल्कलीची, दुसरी प्रकाशाची. कुरकुमीन हा आम्लधर्मी पदार्थांत बऱ्यापैकी टिकणारा, पण अल्कलीत व प्रकाशात लवकर मोडणारा रेणू आहे. हळदीपासून कुंकू करण्याची आपली जुनी कलाही अल्कलीमुळे होणाऱ्या ह्याच रंगपालटावर आधारलेली आहे.

मोडण्याचा वेग किती असावा? १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पीएच ७.२ असलेल्या व शरीराच्या तापमानास ठेवलेल्या फॉस्फेट द्रावणात अर्ध्या तासात सुमारे शेकडा ९० कुरकुमीन विघटित झालेले आढळले. हे द्रावण साबणाच्या तुलनेने अगदीच सौम्य, जवळजवळ उदासीन होते. साबणाचे पीएच मूल्य ९ ते १० असते. तेव्हा साबणाच्या वडीत घातलेले कुरकुमीन हात धुताना कुरकुमीन म्हणून कितपत उरत असेल, ह्याचा अंदाज वाचकांनीच करावा. आणि वडी महिनोन्‌महिने हसऱ्या पिवळ्या रंगाची राहत असेल, तर तो रंग दुसऱ्या कोणत्या तरी द्रव्याचा असण्याचा संभव अधिक. क्रीमची गोष्ट थोडी बरी आहे. त्याचे पीएच मूल्य ५ ते ६ राखता येते, जे त्वचेच्या नैसर्गिक आम्लतेशीही जुळते. अर्क तेलाच्या अंशात मिसळावा, अपारदर्शक नळीत भरावा, हवा आत जाऊ देऊ नये, एवढी पथ्ये पाळल्यास तो पुष्कळ काळ टिकतो. काचेच्या सुंदर पारदर्शक बाटलीत ठेवलेले हळदीचे द्रव प्रसाधन मात्र खिडकीतल्या उन्हाने आपला गुण दररोज थोडाथोडा गमावीत असते.

राहिला रंगाचा प्रश्न. लग्नाच्या हळदीत पिवळे होणे हाच आनंदाचा भाग असतो. रोजच्या क्रीमने उशीचा अभ्रा पिवळा झालेला कोणासही चालत नाही. ह्यावर उपाय म्हणून पॅलेडियमच्या सान्निध्यात कुरकुमिनास हायड्रोजन देतात. साखळीतील दोन द्विबंध भरून निघतात, प्रकाश शोषणारी सलग रचना तुटते आणि रंग नाहीसा होतो. हे टेट्राहायड्रोकुरकुमीन पांढरे असते, उदासीन द्रावणात मूळ रेणूहून पुष्कळ अधिक टिकते आणि प्रयोगशाळेत चांगला ऑक्सिडीकरणविरोधी गुण दाखविते. उपयुक्ततेच्या दृष्टीने हा पदार्थ कदाचित सर्वांत सरस असेल. परंतु तो वनस्पतीचा अर्क नव्हे. वनस्पतिजन्य कच्च्या मालापासून रासायनिक क्रियेने बनविलेले ते नवे संयुग आहे, आणि तसे सांगण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

त्वचेवर ह्या सर्वांचा उपयोग किती? परीक्षानळीत कुरकुमीन अनेक किमया करते. मात्र २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका नामांकित अमेरिकन नियतकालिकात आलेल्या विस्तृत समीक्षेने दोन सावधगिरीच्या सूचना दिल्या. हा रेणू स्वतः रंगीत, प्रकाशदीप्त, अस्थिर आणि अनेक प्रथिनांशी वाटेल तसा जोडला जाणारा असल्यामुळे चाचण्यांत पुष्कळदा फसवे अनुकूल निष्कर्ष देतो. आणि दुहेरी गुप्तता राखून, निष्क्रिय पदार्थाशी तुलना करून केलेली त्याची एकही वैद्यकीय चाचणी तोवर यशस्वी झालेली नव्हती. त्या चाचण्या बहुतांशी पोटात घेण्याच्या औषधांविषयी होत्या, हे खरे. त्वचेविषयीचे प्रयोग लहान व विखुरलेले आहेत, हेही खरे. शिवाय थोड्या व्यक्तींत कुरकुमीन व टेट्राहायड्रोकुरकुमीन ह्या दोहोंमुळे त्वचेस वावडे येऊन पुरळ उठल्याच्या नोंदी आहेत. ‘नैसर्गिक’ ह्या शब्दाने हा धोका टळत नाही.

येथे हळदीच्या गाजलेल्या एकस्व-प्रकरणाचा दाखला हमखास दिला जातो. जखमा भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे एकस्व अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास १९९५ मध्ये मिळाले होते. मूळचे गोव्याचे रघुनाथ माशेलकर हे महासंचालक असताना आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले, जुन्या ग्रंथांचे व लेखांचे पुरावे सादर केले, आणि १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. हा विजय अभिमानास्पद आहेच. परंतु त्यातून सिद्ध झाले ते एवढेच, की हा उपयोग नवा नाही. उपयोग जुना असणे आणि तो परिणामकारक असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय आजीबाईंनी जखमेवर दाबली ती अख्ख्या हळदीची पूड होती, ग्लायकॉलमध्ये उतरविलेला फिकट द्रव नव्हे.

त्या फिकट द्रवाचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. समजा, त्यात विरघळलेला घन अंश शेकडा २ आहे आणि क्रीममध्ये तो शेकडा १ ह्या प्रमाणात घातला आहे. मग शंभर ग्रॅमच्या डबीत हळदीपासून आलेले सर्व मिळून द्रव्य २० मिलिग्रॅम भरेल. त्यातील बराच भाग साखरेचा व अन्य जलविद्राव्य पदार्थांचा, कुरकुमीन नाममात्र. भाजीत टाकलेल्या पाव ग्रॅम हळदीच्या चिमटीत ते सात-आठ मिलिग्रॅम सहज असते. आपल्याकडील सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे घटकांची यादी उतरत्या प्रमाणाने द्यावी लागते; परंतु शेकडा १ किंवा त्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने लिहिण्याची मुभा आहे. हळदीचे नाव बहुधा ह्याच शेपटात सोयीच्या जागी बसविलेले असते.

शेवटी भेसळीविषयी. हळदीच्या पुडीत मेटॅनिल यलो किंवा शिशाचे क्रोमेट मिसळण्याचा प्रकार जुना आहे. अर्काच्या बाबतीत मात्र भेसळ अधिक चतुर झाली आहे. व्हॅनिलीन व ॲसिटिलॲसिटोन ह्यांपासून कुरकुमीन बनविण्याची सुटसुटीत कृती १९६४ पासून उपलब्ध आहे. हा माल खनिज तेलापासून तयार होऊ शकतो व स्वस्त पडतो. वर्णपटमापकात ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीला तो नैसर्गिक कुरकुमिनाप्रमाणेच प्रकाश शोषतो, त्यामुळे केवळ रंग मोजून काही कळत नाही. द्रव-वर्णलेखनात मात्र नैसर्गिक अर्काची तीन शिखरे उमटतात व कृत्रिम मालाचे एकच. मघाशी उल्लेखिलेली भावंडे ती ह्याच कामी येतात. पण नैसर्गिक अर्कात थोडा कृत्रिम माल मिसळून शिखरांचे प्रमाण संशयापलीकडे राखणारेही आहेत. त्यांस पकडणारी कसोटी कार्बन-१४ ची. ह्या किरणोत्सर्गी कार्बनाचा अर्धायुष्यकाल सुमारे ५७३० वर्षे आहे. गेल्या हंगामातील हळदीत तो भरपूर असतो, तर कोट्यवधी वर्षे भूगर्भात राहिलेल्या खनिज तेलात तो पूर्णपणे संपलेला असतो. अर्कातील त्याचे प्रमाण जितके घटलेले, तितका माल शेतातून न येता तेलविहिरीतून आलेला. नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात हे मापन करणारे यंत्र आहे. कसोटी खर्चाची असल्याने ती प्रत्येक पिंपास लावणे शक्य नाही. परंतु वसमत व सांगली येथील उत्पादकांनी एकत्र येऊन बाजारातील निवडक नमुने दरवर्षी तपासून घेतले, तर आपल्या हळदीचा भाव कोणत्या मालाने पाडला, हे त्यांस निश्चित आकड्यांत दाखविता येईल.